कान, कुकर आणि कार्टून

"ब्लू," मुलगा म्हणाला. थेरपिस्टबाईंनी पुढचा ठोकळा उचलला. "यलो." मग "पर्पल", मग "ऑरेंज", तेही असं अमेरिकी वळणाचं की बाजूला बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावर कौतुक मावेना. मुलगा अडीच वर्षांचा. त्याला एक ते वीस आकडे येतात, सगळी इंग्रजी मुळाक्षरं येतात, आकारांमध्ये 'हेक्सॅगॉन'सुद्धा येतो. बाईंनी ठोकळे डब्यात भरले, झाकण घट्ट लावलं आणि डबा त्याच्यापुढे ठेवला. त्यानं डबा उलटा केला, आपटला, शेवटी आजीचं मनगट धरून तिचा हात झाकणावर नेऊन ठेवला. "उघड" नाही, "दे" नाही, आजीच्या तोंडाकडे एकदा बघणंही नाही. रंगांची नावं पाठ असलेला हा मुलगा अजून घरात कुणालाही हाक मारत नव्हता.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं हे स्पीच थेरपीचं क्लिनिक. संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी 'यंत्रांच्या सोबतीनं' हा विषय ठरवला, तेव्हा एआय आणि कारखान्यांवर लिहिणारे पुष्कळ निघतील हे उघड होतं. मला घरातली यंत्रं बघायची होती. दिवाणखान्यात भिंतभर टीव्ही, कोपऱ्यात बोलणारा स्पीकर, खेळण्यांच्या टोपलीत बॅटरीवर गाणारा हत्ती, प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातात फोन, अशा घरात मूल बोलायला कसं शिकतं? म्हणून काही दिवस थेरपिस्टांच्या खोल्यांत, जिल्हा रुग्णालयात आणि बोलावतील त्या घरांत जाऊन बसले.

मुलाच्या बाबांनी फाइल उघडली. "मॅडम, आमचं चुकलंच. मोबाइल जास्त दिला. आता बंद केलाय."

"ते बोलू आपण," बाई म्हणाल्या. "कान तपासलेत?"

"कान? कान उत्तम आहेत त्याचे. मोबाइलवर गाणं लागलं की आतल्या खोलीतून पळत येतो."

बाईंनी चिठ्ठी लिहिली ती कानाच्या तपासणीचीच. आजी जरा दुखावल्या. आपल्याकडे या तपासणीचं नाव काढलं की घराण्यावर काहीतरी आळ आल्यासारखं वाटतं माणसांना.

आधी कान

जिल्हा रुग्णालयातली कानाची खोली आडबाजूला असते, जाड दाराची. बाहेरच्या बाकावर एक आई पेंगुळलेल्या मुलाला हलवून हलवून जागं ठेवत होती. 'बेरा' नावाच्या तपासणीसाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. डोक्याला नि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवून, कानात आवाज सोडून, श्रवणाची नस आणि मेंदूचा देठ त्याला काय प्रतिसाद देतात ते यंत्र नोंदवतं. म्हणून घरच्यांना सांगतात, बाळाला पहाटे उठवा आणि वाटेत झोपू देऊ नका. ही माऊली एसटीत दोन तास मुलाला गुदगुल्या करत आली होती. नंबर यायला वेळ लागला आणि मुलाला आता इथेच, बाकावर झोपायचं होतं. आत नेईपर्यंत ते पुरतं जागं होतं, रडायलाही लागलं. शेवटी झोपेचं औषध द्यावं लागलं. ऑडिओलॉजिस्ट म्हणाली, "रोजचंच आहे हे."

त्याआधीची प्राथमिक चाचणी याहून कितीतरी सोपी. आतला कान आवाज नुसता घेत नाही, स्वतःही अगदी बारीक आवाज करतो, हे डेव्हिड केम्प या संशोधकांनी लंडनमध्ये १९७८ साली दाखवून दिलं. 'ओएई' हे छोटं यंत्र त्यावरच चालतं. झोपलेल्या बाळाच्या कानात रबरी टोक बसवायचं. ते टिकटिक आवाज सोडतं आणि आतून परत येणारा प्रतिध्वनी टिपतं. सगळं सुरळीत असेल तर काही मिनिटांचं काम. पडद्यावर 'पास' किंवा 'रेफर' उमटतं. 'रेफर' वाचून घरचे हबकतात, पण त्याचा अर्थ फक्त 'पुन्हा बघा' एवढाच. पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत चिकटा असतो, त्यानंही यंत्र अडतं. उलट, अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाला नुसती ओएई पुरत नाही. ती आतल्या कानापर्यंतच बघते, पुढच्या नसेचं तिला कळत नाही. कावीळ खूप वाढलेली, फार लवकर जन्मलेली, काही विशिष्ट प्रतिजैविकं द्यावी लागलेली बाळं बेरापर्यंत गेलीच पाहिजेत. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल अजून आहे, आणि नात्यातल्या लग्नांत जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते. हे डॉक्टर सांगतात, पण दबक्या आवाजात.

हजार जन्मांमागे साधारण १ ते ३ बाळांना कायमचा श्रवणदोष असतो. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचाराला सुरुवात, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांचं १९९८ सालचं काम या क्षेत्रातले सगळे सांगतात. सहा महिन्यांच्या आत दोष कळलेल्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा ठळकपणे पुढे होती. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगून कुर्रर्र करते, तेव्हा बाळ बारा दिवसांचं असतं. ओएई त्याच्याही आधी, प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वी उरकता येते. पण तालुक्याच्या गावातल्या कितीतरी प्रसूतिगृहांत ते यंत्रच नसतं. मग भिस्त राहते ती 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'च्या फिरत्या पथकावर. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. पथकात आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. अंगणवाडीला वर्षातून दोनदा त्यांची जीप यावी अशी योजना आहे. त्या दिवशी मूल मामाकडे गेलेलं असलं, तर सहा महिने गेले.

आणि तोवर घरचे आपापल्या परीनं परीक्षा घेत असतात. पाठीमागून थाळी वाजवायची. बाळ दचकलं की "ऐकतो हो सगळं!" थाळीचा आवाज प्रचंड असतो, शिवाय मूल हवेचा झोत, सावली, फरशीची थरथर यांवरही वळतं. खरी मेख वेगळीच आहे. बोलण्यातले स्वर मोठे आणि खालच्या पट्टीतले असतात. स, श, फ, थ ही व्यंजनं हलकी आणि वरच्या पट्टीतली. वरच्या पट्टीचं ऐकू कमी येणारं मूल हाकेला वळतं, कुकरच्या शिट्टीला वळतं, गाण्यावर नाचतं, पण 'साखर'मधलं त्याच्यापर्यंत जेमतेम 'आ-अ' पोहोचतं. जन्मतः काहीच न ऐकणारं बाळही पहिले काही महिने आवाज काढतं, म्हणून आई निश्चिंत असते. सात ते दहा महिन्यांच्या दरम्यान बाळाची 'बाबाबा, दादादा' अशी लांबलचक बडबड सुरू व्हायची, ती मात्र स्वतःचा आवाज ऐकू आल्याशिवाय धड जमत नाही.

त्यात भर सर्दीची. सारखी सर्दी होणाऱ्या, नाकामागची ग्रंथी सुजलेल्या मुलांत पडद्यामागे द्राव साठतो. कान दुखत नाही, वाहत नाही, नुसतं आठवडेच्या आठवडे कानात बोळे घातल्यासारखं ऐकू येतं. असं मूल टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसतं, आवाज वाढवतं, हाक मारली तर वळत नाही. घरचे म्हणतात, टीव्हीचं वेड लागलंय. त्या वेडावर उपाय म्हणून टीव्ही बंद होतो आणि कानातला द्राव तसाच राहतो.

'बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता', 'मुलगे उशिराच बोलतात', 'जिभेला वेखंड लावा', 'जीभ खाली चिकटली आहे, धागा कापून घ्या'. बाकावरच्या आयांनी हे सगळं ऐकलेलं होतं, काहींनी करूनही पाहिलं होतं. जिभेखालच्या धाग्यानं एखादा उच्चार अडेल, मूल शब्दच बोलत नाही असं त्यानं सहसा होत नाही. वर्षाचं झाल्यावरही बोट दाखवत नाही, टाटा करत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडत नाही. किंवा येत असलेले शब्द गेले. यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, एवढं ऑडिओलॉजिस्ट प्रत्येकीला सांगते. फोनबद्दल ती सहसा बोलत नाही. तिच्या मते तो नंतरचा मुद्दा.

स्वयंपाकघर ते सोफा

हिंजवडीजवळच्या एका घरी संध्याकाळी सातला पोहोचले. कानाची तपासणी झालेली, कान ठीक, मूल एकवीस महिन्यांचं, शब्द मोजून तीन. आई-बाबा दोघंही आयटीत, मूल दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींकडे. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यात भिंत नाही, अशीच आताची घरं. टीव्हीवर मालिका, ओट्यावर चटणीचा मिक्सर, वर एक्झॉस्ट, बाबा बाल्कनीत मीटिंगमध्ये, फरशीवर फिरणारं झाडूचं यंत्र. आई ओट्यापाशी उभी राहून खरंच खूप बोलत होती मुलाशी. "अरे, बघ कोण आलंय! मावशी आली! पाणी देऊया का मावशीला?" मूल सोफ्याखाली गेलेलं झाकण काढण्यात गुंतलेलं.

आपल्याला ते सगळं बोलणं समजलं. मिक्सरमध्ये निम्मं बुडालं तरी समजलं, कारण उरलेलं आपण मनानं भरून काढतो. 'पा... देऊ... ला' एवढं ऐकलं तरी 'पाणी देऊया मावशीला' हे आपल्या डोक्यात तयार होतं. मुलाकडे भरून काढायला शब्दच नसतात. ज्याला 'पाणी' हा शब्द अजून शिकायचाय, त्याला तो पूर्ण आणि स्वच्छ ऐकू यावा लागतो. त्यामुळे गोंगाटातून बोलणं वेगळं काढायला लहान मुलाला मोठ्यांपेक्षा बोलण्याचा आवाज आणखी वर लागतो.

एक मीटरवरून साधं बोलणं साधारण ६० डेसिबल. जवळ चालणारा मिक्सर ८५च्या आसपास सहज जातो. आवाजाचं आणखी एक गणित आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलनं उतरते. ओटा ते सोफा चार मीटर, म्हणजे एका मीटरवरच्यापेक्षा सुमारे १२ डेसिबल कमी. घरातल्या भिंती थोडा आवाज परत फेकतात, पण तो विस्कटलेला असतो. थेरपिस्टांनी या आईला दिलेला पहिला सल्ला मोबाइलबद्दलचा नव्हताच. मिक्सर थांबवा, टीव्ही बंद करा, त्याच्या शेजारी खाली बसा, मग बोला. कमी बोललात तरी चालेल.

टीव्ही 'असाच चालू' असण्याचं मोजमाप झालेलं आहे. लेना नावाचं छोटं रेकॉर्डर मुलाच्या अंगातल्या कपड्याच्या खिशात घालतात. ते दिवसभराचा आवाज टिपतं आणि मोठ्यांचे शब्द, मुलाचे आवाज, टीव्ही हे वेगळं मोजतं. ते वापरून दिमित्री क्रिस्टाकिस आणि सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिकेतल्या तीनशेहून अधिक मुलांच्या घरांतलं चित्र मांडलं. ऐकू येईल असा टीव्ही जितका वेळ चालू, तितकं मोठ्यांचं बोलणं कमी. तासामागे सरासरी ७७० शब्दांनी. मुलांचे स्वतःचे आवाजही उतरलेले. टीव्ही मूल बघतच होतं असंही नाही. मोठी माणसं टीव्हीपुढे गप्प होतात, इतकंच पुरतं.

बोलणाऱ्या खेळण्यांची तीच गोष्ट. ॲरिझोनात ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांच्या २६ बाळांना आणि त्यांच्या आईबाबांना घरी खेळायला तीन प्रकारच्या वस्तू दिल्या: बॅटरीवर बोलणारी खेळणी, ठोकळ्यांसारखी साधी खेळणी आणि जाड पानांची चित्रपुस्तकं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बॅटरीवाल्या खेळण्यांबरोबर मोठे सगळ्यात कमी बोलले. खेळणंच बोलतंय म्हटल्यावर आपण कशाला, असं होत असावं. या घरातल्या टोपलीतला हत्ती मी दाबून पाहिला. तो इंग्रजीत एक गाणं म्हणतो, ते संपलं की तेच पुन्हा म्हणतो. ओट्यामागच्या फळीवर लाकडी पोळपाट-लाटणं आणि वाट्या होत्या. त्यांना हात लावायची मुलाला परवानगी नव्हती. ती मिळवून देणं हा थेरपिस्टांचा पुढचा डाव होता.

झोपेसाठी 'व्हाइट नॉइज'ची यंत्रं आणि ॲप आता बारशाच्या आहेरात येतात. २०१४ साली कॅनडात अशी १४ यंत्रं तपासली, तेव्हा पूर्ण आवाजात त्यांतली तीन ८५ डेसिबलच्या वर जाऊ शकत होती. पाळण्याला लटकवू नका, दूर ठेवा, आवाज बारीक ठेवा, झोप लागली की बंद करा, एवढं केलं तर बिघडत नाही. मुलांना हेडफोन द्यायचाच असेल तर जागतिक आरोग्य संघटनेनं घातलेली मर्यादा ७५ डेसिबलची आहे, तीही आठवड्याला ४० तास धरून. आणि दिवाळी अंक म्हणून सांगते, फटाक्यांसाठी कायद्यानं घातलेली मर्यादाच चार मीटरवरून १२५ डेसिबल आहे. मांडीवर बाळ घेऊन लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात उभं राहणं मला आता बघवत नाही.

पडद्यातली बाई आणि समोरची बाई

भाषा ऐकून येते, मग पडद्यावरून ऐकून का येऊ नये? आई-बाबांचा हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर समजायला आधी बाळाचे कान किती तयार असतात ते पाहायला हवं. जन्माला येताना बाळ जगातल्या जवळपास सगळ्या भाषांचे ध्वनिभेद पकडू शकतं. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात केलेला १९८४चा प्रयोग तर आपल्या 'ट' आणि 'त'वरचाच आहे. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला दंत्य त आणि मूर्धन्य ट वेगळे ऐकू येत होते. वर्षाच्या उंबरठ्यावर पोहोचेपर्यंत बहुतेकांना येईनासे झाले. घरात न लागणारे भेद मेंदू सोडून देतो. आपल्या बाळांचे ण-न आणि ळ-ल याच काळात पक्के होत जातात.

सिएटलमध्ये पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली नेमक्या याच वयाच्या, नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. चिनी बोलणाऱ्या माणसांनी चार आठवड्यांत बारा वेळा बाळांपुढे बसून पुस्तकं वाचली, खेळणी दाखवली. नंतरच्या चाचणीत ही बाळं तैवानमधल्या बाळांच्या बरोबरीनं चिनी ध्वनी ओळखत होती. दुसऱ्या गटाला हीच माणसं, हेच बोलणं पडद्यावर दाखवलं. तिसऱ्याला फक्त आवाज. त्या दोन्ही गटांनी काहीही उचललं नाही. चिनी न ऐकलेल्या बाळांइतकंच त्यांना येत होतं.

समोरची बाई बाळाची नजर जिकडे वळते त्या वस्तूचं नाव घेते. बाळानं 'ऊं' केलं की थांबते, 'हो का?' म्हणते, मग पुढचं बोलते. पडद्यातली बाई आपल्या वेळेवर चालते. सिंहगड रस्त्यावरच्या त्या मुलाची 'पर्पल' आणि 'हेक्सॅगॉन'ची यादी अशीच आली होती, कुणाशी काही देवाणघेवाण न होता. म्हणून ती मागायला, बोलवायला, नाही म्हणायला उपयोगी पडत नव्हती.

मात्र पडदा म्हणजे सगळाच वाईट, असंही या अभ्यासांतून निघत नाही. २०१४ साली सारा रोझबेरी, कॅथी हर्ष-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ यांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं तीन तऱ्हांनी शिकवली: समोर बसून, व्हिडिओ कॉलवर आणि आधी चित्रित केलेल्या कॉलवरून. व्हिडिओ कॉलवर मुलं समोरासमोर शिकल्यासारखीच शिकली. चित्रफितीवरून शिकली नाहीत. पडदा तोच, फरक उत्तर मिळण्याचा. कराडच्या एका आजीबाई न्यू जर्सीतल्या नातीला रोज सकाळी, म्हणजे तिच्या संध्याकाळी, कॉलवर भरवतात. घास इकडे त्या आपल्या तोंडापुढे धरतात, तिकडे सून मुलीच्या तोंडात घालते. चिऊ आली की नात खिडकीकडे बोट दाखवते आणि आजी इकडून चिऊशी बोलतात. नेट अडखळलं आणि आजींचं उत्तर दोन सेकंद उशिरा आलं की नात उठून जाते. भारतीय बालरोग अकादमीनं दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच म्हटलंय, अपवाद केलाय तो नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला तासाभराची मर्यादा. आजींना यातलं काही माहीत नाही. त्या फक्त चार्जर हाताशी ठेवून बसतात.

इथे एक गैरसमज निस्तरायला हवा. मूल उशिरा बोलतंय म्हटल्यावर 'घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला, शाळेत सोपं जाईल' असा सल्ला आजही सर्रास मिळतो. दोन भाषा ऐकल्यानं मूल मागे पडतं याला आधार नाही. आईला जी भाषा मनापासून येते, ती सोडून तिनं तुटकं इंग्रजी बोलायला लागणं याचं नुकसान मात्र मी त्या क्लिनिकात डोळ्यांनी पाहिलं. वाक्यं आखूड होतात, थट्टा जाते, लाडिक नावं जातात, उरतात त्या सूचना: 'कम', 'सिट', 'ईट'.

"दोन मिनिटं, फोन आहे"

मुलाच्या हातातल्या फोनवर सगळे बोलतात, आईबापाच्या हातातल्या फोनवर कमी. जेसा रीड यांचा २०१७चा प्रयोग साधा होता. आईनं दोन वर्षांच्या मुलाला दोन नवे शब्द शिकवायचे. एक शिकवताना मध्येच तिचा फोन वाजायचा, ती अर्धा मिनिट बोलायची आणि पुन्हा शिकवायला लागायची. दोन्ही शब्द मुलानं तितक्याच वेळा ऐकले. मध्ये फोन आलेला शब्द मुलं शिकली नाहीत.

हिंजवडीच्या घरातली आई हे ऐकून गप्प झाली, मग जरा चिडूनच म्हणाली, "म्हणजे नोकरी सोडू?" तिचा राग मला पटतो. तिच्या सासूबाई साताऱ्याला, आई मुंबईत, सोसायटीत ओळखीची माणसं लिफ्टमध्ये भेटतात तेवढीच. पूर्वी घास भरवायला कडेवर घेऊन वाड्याभर फिरवणारी कुणीतरी काकू असायची. तिची जागा फोननं घेतली, कारण जागा रिकामी होती. सांभाळणाऱ्या मावशी जेवताना फोन लावून देतात तेव्हा त्यांना चाळीस मिनिटांचं काम पंधरा मिनिटांत संपवायचं असतं, धुणंभांडी वाट बघत असतात. त्यांना स्क्रीनबद्दल व्याख्यान देऊन काही होत नाही. या घरात मावशींचा दिवसातला एक तास धुण्याभांड्यातून सोडवला गेला, आणि जेवणाचा तास तेवढाच ठरला. महिन्याला काही रुपये वाढले. मला भेटलेल्या सगळ्या उपायांत हाच जास्त कामाचा वाटला.

एका सोयीच्या लेबलाबद्दल

'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे स्क्रीनमुळे आलेली म्हणतात ती स्वमग्नता, हे शब्द आता गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवरही फिरतात. रोमानियातल्या एका मानसशास्त्रज्ञानं काही वर्षांपूर्वी ते रुळवले. निदानाच्या कोणत्याही मान्य सूचीत हा आजार नाही. स्क्रीन कमी केल्यावर काही मुलं लगेच मोकळी होतात, बघू लागतात, बोलू लागतात, हे थेरपिस्ट सांगतात, आणि ते खरंही असेल. पण या लेबलानं दोन नुकसानं होतात. खरोखर स्वमग्न असलेल्या मुलाचे आईबाप 'फोन बंद केला की जाईल' या आशेवर मोलाचं वर्ष घालवतात. आणि ज्याला ऐकूच येत नाही, त्याचंही निदान सोसायटीच्या बागेत होऊन जातं. शिवाय उलटी बाजूही आहे. ज्याला माणसांशी देवाणघेवाण अवघड जाते ते मूल आपसूकच पडद्याकडे जास्त वळतं, तेव्हा कशामुळे काय झालं हे फोनचे तास मोजून कळत नाही. सिंहगड रस्त्यावरच्या बाई हे शब्द आपल्या क्लिनिकात वापरू देत नाहीत.

कानामागचं यंत्र

मुंबईत वांद्रे रेक्लेमेशनला, समुद्राच्या वाऱ्यात, श्रवणदोषासाठीची राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ साली स्थापन झाली, महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला आहे. केंद्राच्या 'एडिप' योजनेतून लहान मुलांवर ज्या कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवण्याच्या, शस्त्रक्रिया होतात, त्यांचं समन्वयाचं काम ही संस्था बघते. राज्यभरातून आईबाप इथे येतात, त्यातल्या अनेकांच्या घरात सगळ्यात महागडं यंत्र टीव्ही नसतो, मुलाच्या कानामागे अडकवलेला प्रोसेसर असतो.

निरोगी कानात ध्वनी टिपणाऱ्या आतल्या बाजूच्या केसपेशी साडेतीन हजारांच्या आसपास असतात. इम्प्लांट त्यांचं काम बनावटीप्रमाणे १२ ते २२ इलेक्ट्रोडवर भागवतं. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र चालू करतात. त्या क्षणाचे व्हिडिओ आपण पाहिलेत, मूल दचकतं, आई रडते. व्हिडिओ तिथेच संपतो. त्यानंतरची दोन-तीन वर्षं दर काही आठवड्यांनी 'मॅपिंग', म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती करंट द्यायचा ते जुळवणं, आणि रोज घरी सराव. सकाळी उठल्याबरोबर प्रोसेसर लावला की आईनं ओठ हातानं झाकून सहा आवाज काढायचे: आ, ई, ऊ, म, श, स. डॅनियल लिंग यांनी आखलेली ही कसोटी. मूल सहाही ओळखतं तोवर ठीक. आज 'स' गेला, तर बॅटरी, तार किंवा मॅग्नेट बघायचं. कोकणातून आलेल्या एका आईनं डबी दाखवली, तीत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात रात्रभर यंत्र त्यात सुकत ठेवावं लागतं, नाहीतर दमटपणानं बिघडतं. शस्त्रक्रियेला सरकार पैसे देतं. हमीची मुदत संपल्यावर तार तुटली की ती खिशातून. तिथे पुष्कळ घरं थकतात.

चाचणीच्या खोलीत साडेतीन वर्षांची एक मुलगी हातात रंगीत ठोकळा धरून गालाला लावून बसली होती. आवाज आला की ठोकळा बादलीत टाकायचा, हा खेळ. मोठा आवाज, टाकला. बारीक, टाकला. आणखी बारीक. ती थांबली, ऑडिओलॉजिस्टकडे काचेतून डोळे बारीक करून पाहिलं आणि ठोकळा खिशात घातला. सगळे हसले. तिला ऐकू आलं होतं की नाही, ते कळायला तोच आवाज पुन्हा द्यावा लागला.

या आया घरी मुलांशी बोलतात ते लक्ष देऊन ऐकण्यासारखं असतं. आधी मुलाचं लक्ष ज्याच्याकडे आहे ते बघतात. जवळ जाऊन, टीव्ही बंद करून, छोटं वाक्य बोलतात. मूल 'गाडी' म्हणालं की 'हो, लाल गाडी गेली' म्हणून एक-दोन शब्दांची भर घालतात, 'परत म्हण' म्हणत नाहीत. आणि थांबतात. ऐकू येणाऱ्या मुलांच्या आईबापांना हे कुणी शिकवत नाही, त्यांना गरज नाही असं आपण धरून चालतो.

दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग

लेनाचं रेकॉर्डर सिंहगड रस्त्यावरच्या क्लिनिकात नाही. बाईंनी त्यावर आपला तोडगा काढलाय. आईनं फोन फळीवर ठेवायचा, आवाज रेकॉर्ड करायचा आणि मुलाशी दहा मिनिटं खेळायचं. मग दोघींनी बसून ते ऐकायचं. बाई कागदावर तीन रकाने पाडतात: आईचे प्रश्न, आईची वाक्यं, आणि मुलानं काहीतरी काढलं, त्यावर आई काहीतरी म्हणाली, त्यावर पुन्हा मूल, अशा फेऱ्या. अमेरिकेत रेचेल रोमिओ यांनी २०१८ साली चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या कामात नुसत्या ऐकलेल्या शब्दांपेक्षा अशा फेऱ्यांचाच मुलांच्या मेंदूतल्या भाषेच्या भागाशी संबंध दिसला होता.

हिंजवडीच्या आईचं पहिलं रेकॉर्डिंग लागलं. "हे काय आहे? काय आहे हे? बॉल! बॉल म्हण. हा कुठला कलर? रेड ना? बोल ना, रेड. भूभू कसा करतो? सांग मावशीला." मध्ये कुठेतरी मुलानं "अं-गा" केलं, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकताना बाईंनी तिथे फोन थांबवला.

"हे काय म्हणाला तो?"

आई विचारात पडली. "झाकण," ती म्हणाली. "झाकण सोफ्याखाली गेलं होतं. अय्या, तो झाकण म्हणत होता!"

प्रश्नांचा रकाना भरून मागच्या पानावर गेला होता, फेऱ्यांचा जवळपास रिकामा. "मीच बडबडतेय सगळी," आई म्हणाली आणि हसली. पुढच्या आठवड्याचा गृहपाठ ठरला: एकही प्रश्न नाही, रंग नाही, भूभू नाही. मुलाच्या हातात जे असेल त्याबद्दल एक वाक्य बोलायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. मावशींनाही पुढच्या वेळी घेऊन या, असं बाईंनी सांगितलं. आणि मुलाला ईएनटीला दाखवायची चिठ्ठी पुन्हा एकदा दिली, कारण गेल्या पंधरवड्यात त्याला सर्दी झाली होती.